शेतकी कचेरीचा फोन : बाहेरच्या तारा थोड्या, आतली टेबलं जास्त



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यात दोन गोष्टी रात्रंदिवस चालू असतात. एक गव्हाण आणि दुसरा फोन. गव्हाण थांबली तर सगळ्या आवाराला कळते, फिटर-इंजिनिअर धावत सुटतात. फोन मात्र वाजून वाजून थांबला तर ते फक्त पलीकडच्या सभासदाला कळते. त्याच्या शेतात टोळीने ऊस तोडून टाकलेला असतो, ट्रॅक्टर आलेला नसतो, आणि तोडलेला ऊस उन्हात पडून वजनाला हलका व्हायला लागतो. साखरही उतरते. तोडणीपासून गाळपापर्यंत चोवीस तासांच्या वर जाऊ नये असे शास्त्र सांगते, ते आपण सारे जाणतो. त्या चोवीस तासांतला एक तास जरी "फोन कोणी उचलना" म्हणून गेला तरी तो सभासदाच्या पैशातून गेला. सबब हा लेखप्रपंच.

कोणी म्हणेल, आता घरोघर मोबाईल झाले, मग कचेरीच्या फोनाचा पाठ कशाला? कारण असे की मोबाईल माणसाचा असतो, खात्याचा नसतो. ओव्हरसियर बदलून गेला की त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. तो रजेवर असला की नंबरही रजेवर. आणि खरी गोष्ट बोलायची तर, ज्याच्याकडे साहेबांचा मोबाईल नंबर आहे त्याचा फोन लागतो, नसेल तो वाट बघतो. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर आणि उसाच्या पक्वतेवर चालायला पाहिजे, ओळखीवर नव्हे. एकच नंबर, तो सगळ्यांना माहीत आणि आलेल्या प्रत्येक फोनाची वहीत नोंद, ही व्यवस्था लहान सभासदाला जास्त उपयोगाची आहे.

गंमत अशी की आपोआप चालणाऱ्या टेलिफोन एक्सचेंजचा जन्मच या कारणाने झाला असे सांगतात. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीची सोय करण्याचा व्यवसाय करी. त्या काळी एक्सचेंजमध्ये बसलेली बाई हाताने तारा जोडून देई. आपले गिऱ्हाईक मुद्दाम दुसऱ्या दुकानदाराला जोडून दिले जाते असा त्याला संशय आला. मग मधले माणूसच नको म्हणून त्याने आपोआप जोडणी होणारे यंत्र काढले. त्याचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले. संशय खरा होता की खोटा ते देव जाणे, पण यंत्र मात्र जगभर चालले.

आपल्याकडची हकीगत जुन्या सभासदांना सांगायला नको. ट्रंक कॉल बुक करायचा आणि पोस्टाच्या पायरीवर बसून राहायचे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हाही खेड्यात फोन म्हणजे अपूर्वाईच होती. पुढे १९८४ साली केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. तिने एकशे अठ्ठावीस जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्सचेंज तयार केले आणि १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे पहिले बसविले. त्याचे वैशिष्ट्य हे की त्याला थंड हवेची खोली लागत नसे. धूळ, ऊन आणि विजेचा लपंडाव सोसून ते चाले. आज कचेरीच्या भिंतीवर टांगण्याचे जे लहान यंत्र मिळते तेही तसलेच सोशीक असावे लागते.

या यंत्राला इंग्रजी अक्षरांवरून ईपीएबीएक्स म्हणतात. नाव लांबलचक, काम सोपे. बाहेरून टेलिफोन कंपनीच्या दोन-तीन तारा येतात, त्यांना ट्रंक लाईन म्हणावे. आत दहा-बारा टेबलांवर फोन असतात, ती एक्सटेन्शने. एक्सटेन्शन एकमेकांशी बोलते तेव्हा बाहेरची लाईन अडत नाही व बिलही येत नाही. बाहेरचा फोन आला की यंत्र ठरवून दिल्याप्रमाणे कोणत्या टेबलावर घंटी द्यायची ते पाहते. बाजारात यंत्राची मापे "तीन-आठ", "चार-बारा" अशी सांगतात. पहिला आकडा बाहेरच्या लाईनींचा, दुसरा आतल्या फोनांचा.

आता पहिला प्रश्न, बाहेरच्या लाईनी किती घ्याव्यात? येथे अंदाजपंचे काम करू नये. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग हे गणिती काम करीत होते. त्यांनी १९१७ साली याचे सूत्र प्रसिद्ध केले. सूत्र बाजूला ठेवू, हिशेब पाहू. समजा सकाळी आठ ते नऊ या गर्दीच्या तासात शेतकी खात्याला तीस फोन येतात आणि दर फोन तीन मिनिटे चालतो. म्हणजे साठ मिनिटांत नव्वद मिनिटांचे बोलणे. दीड लाईन सतत गुंतलेली राहील. मग दोन लाईनी पुरतील असे वाटते की नाही? पुरत नाहीत. कारण फोन रांगेने येत नाहीत, आपल्या गाडीतळावर बैलगाड्या येतात तसे येतात. अर्धा तास कोणी नाही आणि मग एकदम आठ. एरलांगच्या हिशेबाने दोन लाईनींवर शंभरातल्या एकतीस जणांना "एंगेज" मिळेल. तीन लाईनी केल्या तर तेरा जणांना, चार केल्या तर पाच जणांना. प्रत्यक्षात एंगेज लागलेला माणूस गप्प बसत नाही, पुन्हा पुन्हा फिरवतो, म्हणून गर्दी याहून थोडी जास्तच धरावी.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. तीनच लाईनी ठेवल्या पण बोलणे तीन मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणले, तर एंगेज लागणारे तेरावरून सहावर येतात. म्हणजे एक लाईन वाढविण्याचा बहुतेक फायदा फुकटात पदरात पडतो. बोलणे लांबते कशामुळे? "थांबा हं, रजिस्टर बघतो" यामुळे. तेव्हा ऊसनोंदीचे रजिस्टर किंवा संगणक फोनाच्या हाताशी पाहिजे, पलीकडच्या खोलीत नको. आणि सभासदानेही फोन फिरवण्याआधी आपला सभासद क्रमांक, जमिनीचा गट नंबर, लागणीची तारीख, आडसाली-सुरू-खोडवा यापैकी काय, आणि जात को ८६०३२ की फुले २६५, एवढे एका कागदावर लिहून समोर ठेवावे. नुसते "साहेब, आपली टोळी कव्हा यायली?" असे विचारले तर साहेबाला आपण कोण हेच शोधण्यात मिनिट जाते.

लाईनी कितीही असल्या तरी सभासदाला नंबर एकच सांगावा. पहिली लाईन गुंतलेली असली की फोन आपोआप दुसरीवर यावा, अशी सोय टेलिफोन कंपनीकडून करून घेता येते. तिला हंटिंग म्हणतात. ती अर्ज करून मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

पुढचे काम आतल्या नंबरांची वाटणी. हे कागदावर आधी करावे, मगच मिस्त्रीला बोलवावे. शून्य हा आकडा बाहेरच्या लाईनीसाठी राखतात, नऊ पुष्कळदा ऑपरेटरसाठी. एकपासून सुरू होणारे नंबर आत कोणालाही देऊ नयेत. कारण ११२ हा सर्व संकटांचा, १०१ अग्निशमनाचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा नंबर. घाईत कोणी शून्य न दाबता ११२ फिरवले आणि गोदामातले ११२ नंबरचे रिकामे टेबल वाजत बसले, तर काय उपयोग? म्हणून दोनपासून सुरुवात करावी. शेतकी खात्याला २०१ पासून पुढे, वजनकाटा, गाडीतळ आणि गव्हाण यांना ३०१ पासून, ऊसबिलाच्या टेबलाला व हिशेब खात्याला ४०१ पासून. पहिल्या आकड्यावरून खाते कळते, पाठ करावे लागत नाही. मधले काही नंबर मोकळे सोडावेत, पुढे टेबलं वाढतातच.

घंटी कोणाला द्यायची, हा या पाठाचा गाभा आहे. तीन-चार टेबलांचा एक गट करता येतो. यात तीन पद्धती आहेत. सगळीकडे एकदम घंटी, किंवा पहिल्या टेबलापासून क्रमाने, किंवा फिरत्या पाळीने. सगळीकडे एकदम वाजली की प्रत्येकाला वाटते दुसरा उचलील, आणि कोणीच उचलत नाही. क्रमाने दिली तर पहिल्या टेबलाच्या माणसावर सगळा भार पडतो, तो दुपारपर्यंत कावतो आणि सभासदावर खेकसतो. आमच्या मते तोडणी-वाहतुकीच्या टेबलांना फिरती पाळी बरी. आपल्याकडची घंटी "ट्रिंग-ट्रिंग" आणि मग थोडी विश्रांती अशी तीन सेकंदांची असते. पाच वेळा वाजली म्हणजे पंधरा सेकंद झाली. तेवढ्यात उचलले नाही तर फोन पुढच्या टेबलावर जावा. शेवटी तो अशा जागी जाऊन थांबावा जेथे चोवीस तास माणूस आहे. रिकाम्या खुर्चीपाशी कोणताही फोन संपता कामा नये.

अशी चोवीस तास जागी जागा कोणती? कचेरी सहाला बंद होते, पण वजनकाटा तिन्ही पाळ्यांत चालतो, मुख्य फाटकावर राखणदार असतो. यंत्रात दिवसाची आणि रात्रीची अशा दोन वेगळ्या जुळण्या ठेवता येतात. संध्याकाळी सहा वाजता शेतकी खात्याची घंटी वजनकाट्याकडे वळवावी, तेथे न उचलल्यास फाटकाकडे. रात्री दोन वाजता वीजतारांच्या ठिणगीने ऊस पेटला, तर सभासद आधी ११२ किंवा १०१ फिरवील आणि मग कारखान्याला. जळीत उसाला आधी तोड द्यावी लागते, उशीर झाला की वजन आणि साखर दोन्ही जातात. तो फोन सकाळच्या शिपायाने उचलून भागत नाही. वजनकाट्यावर "जळीत नोंद" म्हणून वेगळी वही ठेवावी. वेळ, गाव, गट नंबर, अंदाजे क्षेत्र आणि उचलणाऱ्याची सही, एवढे तीत असावे. सकाळी आठला ती वही शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर जावी. एक बारीक गोष्ट मात्र विसरू नये. दिवस-रात्रीचा बदल यंत्राच्या घड्याळावर होतो. वीज जाऊन घड्याळ चुकले की भर दुपारी फोन काट्यावर जायला लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ते घड्याळ पाहावे.

"ऊसनोंदीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा" असे बोलणारे यंत्रही मिळते. ते मराठीत, दहा सेकंदांत आणि तीनच पर्यायांत बोलत असेल तर ठेवावे. आधी भूपाळी, मग कारखान्याचा इतिहास आणि नंतर सात पर्याय, असे ऐकवणारे नको. सभासद बांधावर उभा असतो, अंगावर पाचट उडत असते, चष्मा खिशात असतो. त्याने काहीच दाबले नाही तरी फोन माणसाकडे गेलाच पाहिजे, ही जुळणी न विसरता करून घ्यावी.

ऊसबिलाच्या टेबलाविषयी दोन शब्द. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, पुढे व्याज लागते. त्यामुळे पंधराव्या दिवसापासून या टेबलाचा फोन थांबत नाही. हे फोन तोडणीच्या गटात मिसळू नयेत, नाही तर ट्रॅक्टर मागणारा सभासद बिल विचारणाऱ्यांच्या मागे अडकतो.

आता बाहेर फोन करण्याची परवानगी. प्रत्येक एक्सटेन्शनला कुठवर फिरवता येईल ते यंत्रात बांधून देता येते. पूर्वी एस.टी.डी. बंद ठेवायची म्हणून शून्याने सुरू होणारे सगळे नंबर अडवीत. ती जुनी जुळणी आता चालत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागते. म्हणजे कचेरीतून मुकादमाला फोन करायचा तर एक शून्य बाहेरच्या लाईनीसाठी, दुसरा शून्य मोबाईलसाठी आणि मग दहा आकडे. जुने यंत्र दुसरा शून्य दिसला की "मनाई" म्हणते, आणि मुकादम, ट्रॅक्टरमालक सगळे मोबाईलवरच! तेव्हा बाहेरची लाईन मिळाल्यावर ज्या नंबरात लागोपाठ दोन शून्ये येतात, म्हणजे परदेशचे, तेवढेच अडवावेत. संकटाचे नंबर कोणत्याही फोनावर अडवू नयेत, आणि प्रत्येक फोनाला "०-११२" अशी चिठ्ठी डकवावी.

यंत्र नवे येते तेव्हा त्याचा सांकेतिक शब्द कारखान्यातूनच घातलेला असतो, बहुतेकदा सरळ १२३४. तो पहिल्या दिवशी बदलावा. काही यंत्रांत बाहेरून फोन करून आतून पुन्हा बाहेर फोन लावण्याची सोय असते. ती गरज नसेल तर बंदच ठेवावी. लबाड लोक अशा उघड्या यंत्रांतून रात्रभर परदेशी बोलतात आणि बिल संस्थेच्या माथी येते.

तारांचे काम सगळ्यात कंटाळवाणे, पण नंतरची निम्मी डोकेदुखी तेथूनच येते. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडतारेला जाऊन-येऊन दर किलोमीटरला सुमारे १७५ ओहम रोध असतो. यंत्राच्या पुस्तिकेत तारेसाठी ४०० ओहमांची मर्यादा दिली असेल तर सव्वादोन किलोमीटरपर्यंत आवाज नीट जाईल. आवाराला हे पुष्कळ झाले. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गट कार्यालयाला मात्र तार ओढता येणार नाही. तेथे इंटरनेटवर चालणारा फोन ठेवावा किंवा कार्यालयाच्या नावे घेतलेल्या सिमवर फोन वळवावा.

कचेरी ते वजनकाटा तार डोक्यावरून नेऊ नये. उंच भरलेली उसाची ट्रॉली तिला हमखास ओढून नेते. जमिनीखालून पाईपात जेली भरलेली केबल टाकावी आणि विजेच्या केबलपासून निदान हातभर लांब ठेवावी, नाही तर मोठी मोटर सुरू झाली की कानात घरघर येते. दहा जोड्यांच्या केबलीत पहिल्या पाच जोड्यांत पांढरी तार आणि तिच्याबरोबर क्रमाने निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी असते. पुढच्या पाचांत लाल तार आणि तेच पाच रंग. कोणती जोडी कोणत्या टेबलाची ते लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवावे. मिस्त्री डोक्यात ठेवतो, आणि मिस्त्री गेला की सगळे गेले.

आपल्या भागात मे-जूनच्या वळवाच्या पावसात विजा फार. बाहेरची प्रत्येक लाईन यंत्राला लागण्याआधी वीजरोधक नळीतून यावी आणि ती नळी चांगल्या भूतारेला जोडलेली असावी. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की नळी नावालाच राहते, तेव्हा मार्च ते मे त्यात पाणी घालावे. अर्थिंगचा रोध पाच ओहमांच्या आत असल्याचे वर्षातून एकदा मोजून घ्यावे.

विजेची बाब आता पूर्वीपेक्षा वेगळी झाली आहे. तांब्याच्या जुन्या लाईनीत एक्सचेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्ट येत, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चाले. आता पुष्कळ ठिकाणी तांबे जाऊन काचेची तार, म्हणजे फायबर, आली आहे. ती वीज आणत नाही. भिंतीवरची तिची पेटी बंद पडली की फोन मेला. गळीत हंगामात आपली टर्बाईन वीज देते, पण बॉयलर थंड असताना महावितरणवरच भिस्त. म्हणून यंत्र आणि फायबरची पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत. दोन्ही मिळून पन्नास वॅटपेक्षा सहसा जास्त खात नाहीत. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण उतरू दिली नाही तरी दहा-बारा तास निघतात. त्याच इन्व्हर्टरवर साहेबांचा पंखा लावला तर निघत नाहीत. जेथे कोणतीच लाईन येत नाही तेथे सिमवर चालणारी पेटी ट्रंक लाईनीच्या जागी जोडता येते. विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था आणि शाळा चालविणाऱ्या आपल्या सभासदांना तीन-आठचे यंत्र आणि अशी एक पेटी पुरून उरते.

जुळणी झाल्यावर पैसे देण्याआधी परीक्षा घ्यावी. ती कचेरीत बसून घेऊ नये. एका संचालकांनी आपल्या गावातून, एकाने नदीकाठच्या शेतातून, सकाळी आठला, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री दोनला फोन लावून पाहावा. एकाच वेळी चौघांनी लावावा. मुख्य वीज काढून लावावा. प्रत्येक वेळी किती घंट्यांनंतर कोणी उचलला, काय नाव सांगितले आणि नोंद झाली का, ते लिहावे. उचलणाऱ्याने "हॅलो, कोण पायजे?" न म्हणता "शेतकी खाते, मी अमुक बोलतो" असे म्हणावे. नाव सांगितले की माणूस जपून बोलतो, आणि सभासदालाही दुसऱ्या दिवशी कोणाला विचारायचे ते कळते. परीक्षेचा कागद आणि नंबरांचा तक्ता प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावा, आणि जुना तक्ता काढून टाकावा.